विक्री व्हिस्टाची, राज्य एक्सपीचे

३० जून २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची सर्वसाधारण विक्री थांबवली. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले की, एक्सपीची वारसदार असलेल्या विंडोज व्हिस्टाचे १८ कोटींहून अधिक परवाने विकले गेले आहेत. उद्याच्या एखाद्या इतिहासकाराच्या हाती केवळ हा आकडा पडला, तर सत्तांतर सुरळीत पार पडले असेच तो लिहील. वहीतील नोंद खोटी नव्हती. मात्र त्यांपैकी कितीतरी संगणकांच्या हार्ड डिस्कवर व्हिस्टा नांदत नव्हती. तिला काढून तेथे पुन्हा एक्सपी बसवली गेली होती.

एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ रोजी. तिची जागा घेणारी प्रणाली ‘लाँगहॉर्न’ या सांकेतिक नावाने घडत होती. पण काम इतके पसरले की २००४ मध्ये त्यातील बरेचसे बाजूला सारून नव्याने आरंभ करावा लागला. ३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली, तेव्हा सव्वापाच वर्षे उलटली होती. एवढ्या काळात घरे आणि कार्यालये एक्सपीला पुरती सरावली होती. एक्सपीची किमान गरज ६४ एमबी रॅमची. व्हिस्टाची ५१२ एमबीची, आणि काचेसारख्या पारदर्शक चौकटी हव्या असतील तर १ जीबीची. अनेक जुन्या प्रिंटर-स्कॅनरना नवे ड्रायव्हर मिळेनात. लहानसा बदल करू जाता पडदा काळवंडे आणि परवानगी विचारली जाई. (ही विचारणा सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होती, कंटाळा आला तो तिच्या वारंवारितेचा.)

त्यातच ‘व्हिस्टा कॅपेबल’ या स्टिकरचे प्रकरण उद्भवले. हे स्टिकर लावलेले काही संगणक व्हिस्टाची केवळ साधी आवृत्तीच चालवू शकत होते. २००७ मध्ये सिअ‍ॅटल येथे ग्राहकांनी दावा दाखल केला आणि कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार उजेडात आला. माइक नॅश या वरिष्ठ अधिकाऱ्यानेच लिहिले होते की, २,१०० डॉलरचा आपला लॅपटॉप आता केवळ ईमेलपुरता उरला आहे. पुढे २००९ मध्ये न्यायालयाने या दाव्याचा सामूहिक दर्जा काढून घेतला. पत्रे मात्र जगाने वाचली होती.

परतीचा मार्ग कायद्यानेही खुला होता, पण सर्वांना नव्हे. व्हिस्टाची बिझनेस किंवा अल्टिमेट आवृत्ती घेणाऱ्यास त्याच परवान्यावर एक्सपी प्रोफेशनल वापरता येई. होम आवृत्तीच्या ग्राहकास हा अधिकार नव्हता. शिवाय अधिकारासोबत सीडी मिळेलच याची हमी नव्हती. आणि या साऱ्या व्यवहारात विकला जाई तो परवाना व्हिस्टाचाच! एक्सपीकडे परतणारा प्रत्येक जण व्हिस्टाच्या खात्यात एकाची भर घालून परतत होता.

ग्राहकांच्या मागणीपुढे नमून डेलने एप्रिल २००७ मध्ये काही घरगुती संगणकांवर एक्सपीचा पर्याय पुन्हा आणला. ‘इन्फोवर्ल्ड’ने चालवलेल्या ‘सेव्ह एक्सपी’ मोहिमेला दोन लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. विक्री थांबवण्याची ३१ जानेवारी २००८ ही मूळ तारीखही पाच महिने पुढे गेली होती.

प्रत्यक्ष परतणे सोपे नव्हते. सीडीवरून संगणक सुरू करायचा, निळ्या पडद्यावर डिस्कचे विभाग दिसले की जुना विभाग पुसायचा, नवा करायचा आणि फॉरमॅट करायचा, असा हा क्रम. पण पुष्कळदा त्या पडद्यावर डिस्कच दिसत नसे. नव्या लॅपटॉपमधील साटा डिस्क ‘एएचसीआय’ पद्धतीने जोडलेली असे आणि एक्सपीच्या सीडीला ती भाषा अवगत नव्हती. त्यासाठी आरंभीच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. लॅपटॉपमधून फ्लॉपी तर केव्हाच हद्दपार झालेली. मग बायोसमध्ये जाऊन डिस्कला जुन्या ‘आयडीई’ पद्धतीने वागायला लावणे, हा त्यातल्या त्यात सोपा उपाय. सीडी २००१ ची मूळ प्रत असेल तर आणखी एक अडचण येई: तिला १३७ जीबीपलीकडची डिस्क ओळखताच येत नसे. अनेक उत्पादक तर सीडीऐवजी डिस्कवरच एक रिकव्हरी विभाग ठेवत. घाईत तोही पुसला गेला आणि डीव्हीडी आधी करून ठेवल्या नसल्या, की व्हिस्टाकडे परतण्याची वाट बंद!

फॉरमॅट म्हणजे सारे पुसले जाणे, हा समज मात्र चुकीचा होता. एक्सपीतील फॉरमॅट फाइलींची नवी यादी मांडी. सविस्तर प्रकार निवडला तर डिस्कचे खराब भागही तपासले जात. जुना मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राही. सविस्तर फॉरमॅट करताना संपूर्ण विभागावर शून्ये लिहिण्याची रीत आली ती व्हिस्टापासून. म्हणजे एक्सपीच्या सीडीने हाकललेल्या व्हिस्टाचे अवशेष, आणि मालकाची छायाचित्रेही, नव्या संसाराखाली पडून असत. जुना लेख घासून त्यावरच नवा कोरलेले ताम्रपट अभ्यासकांना ठाऊक आहेत. हा प्रकार त्याच जातीचा.

मराठी वापरकर्त्याला या परतीची वेगळी किंमत मोजावी लागे. व्हिस्टामध्ये देवनागरीची सोय मुळातच होती. एक्सपीत ती ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये खूण करून, पुन्हा सीडी घालून बसवावी लागे. तोवर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत. एखादा फाँट असलाच तर ‘किल्ला’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षर सुटे.

वापराच्या आकडेवारीत व्हिस्टाला एक्सपीवर कधीच मात करता आली नाही. स्टॅटकाउंटरच्या नोंदींनुसार एक्सपीला मागे टाकले ते विंडोज ७ ने, ऑक्टोबर २०११ मध्ये. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचे सुरक्षा-अद्यतन थांबले, तरी ती गेली नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’चा हल्ला झाला, तेव्हा कंपनीला अपवाद म्हणून एक्सपीसाठी दुरुस्ती खुली करावी लागली. २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना फर्मावले की, एक्सपी व तत्सम आधार संपलेल्या प्रणाली आपल्या एटीएममधून जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने काढून टाकाव्यात. एक्सपीची जागा घ्यायला आलेल्या व्हिस्टाचा आधार त्यापूर्वीच, ११ एप्रिल २०१७ रोजी, संपला होता.