कोफ्त्यातील पाव

गेल्या वर्षी लासूर स्टेशनच्या परिसरात घरभेटी करीत असता एका घरी आम्हांला एक साधा प्रश्न विचारण्यात आला. घरातील माउलीला मधुमेह जडून काही महिने झाले होते. सण तोंडावर आला होता. ती म्हणाली, "फादर, डॉक्टरांनी भाकरी, भात, पाव सारं कमी करायला सांगितलंय. आमच्याकडं सणाला खिम्याचे गोळे होतात. त्यात पाव नाहीतर फुटाण्याचं पीठ घालावंच लागतं. ते घातलं तर मला चालत नाही, न घालावं तर गोळा फुटतो. मग मी सणाच्या दिवशी नुसतं वाढायचं का?"

प्रश्न स्वयंपाकाचा होता. आमचे शिक्षण पडले सेमिनरीतले. आम्ही "पाहतो" एवढेच म्हणून उठलो. परंतु शेवटचे वाक्य मनातून जाईना. सणाच्या पंगतीतून घरच्याच माणसाने वेगळे पडावे, ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून आम्ही या गोळ्याच्या इतिहासात शिरलो. त्यात पाव आला कोठून आणि तो अपरिहार्य आहे काय, हे पाहण्याचे ठरविले.

प्रथम नावापासून आरंभ करू. 'कोफ्ता' हा शब्द फारसीतील 'कूफ्तन' या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ कुटणे. आपल्या 'कुटणे'शी त्याचे ध्वनिसाम्य मोहात पाडते खरे. पण आपला शब्द संस्कृत 'कुट्ट'वरून आलेला, तेव्हा त्यांचे नाते जोडण्याची घाई नको. फारसी 'कूफ्ता' तुर्कांकडे जाऊन 'कोफ्ते' झाला आणि तुर्कांकडून ग्रीकांकडे जाऊन 'केफ्तेस' झाला. अनेकवचनी ग्रीक माणूस त्यांना 'केफ्तेदेस' म्हणतो. नव्या कराराची ग्रीक भाषा शिकताना आम्हांला मांसासाठी 'क्रेआस' हा शब्द भेटला होता. संत पौलाने करिंथकरांना मांसाविषयी लिहिताना तोच वापरला आहे. 'केफ्तेस' मात्र तेथे शोधूनही सापडणार नाही. तो फार नंतरचा पाहुणा आहे.

पण त्या गोळ्यातील सुगंध जुना आहे. ग्रीक गृहिणी केफ्तेदेसमध्ये पुदिना घालते. त्याला ती 'दिओस्मोस' म्हणते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात प्रभू शास्त्र्यांना व परुश्यांना पुदिना, शेप व जिरे यांच्या दशांशावरून खडसावतो. तेथे पुदिन्यासाठी आलेला 'हेदिओस्मोन' हा शब्द या 'दिओस्मोस'चा पूर्वज होय. जिऱ्यासाठी तेथे 'कुमिनोन' आहे, आणि तेच जिरे ग्रीकांच्या दुसऱ्या एका मांसगोळ्याचा प्राण आहे. त्याची हकीकत पुढे येईल.

लिखित पुरावा पाहू जाता १२२६ साली बगदादच्या मुहम्मद बिन हसन याने लिहिलेला पाकग्रंथ समोर येतो. त्यात मांस बारीक कुटून, मसाला लावून गोळे करण्याच्या कृती आहेत. एका पदार्थाला तर नारिंगाचे नाव आहे, कारण त्यातील गोळे अंड्याच्या बलकाने नारिंगासारखे रंगविले जात. त्याहून शंभरेक वर्षे आधी, ११२९ च्या सुमारास, आपल्याच दख्खनेत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात मांसाच्या अनेक कृती आहेत आणि कुटलेल्या मांसाला मसाला लावून वळण्याची रीतही आहे. म्हणजे कोफ्ता हे नाव बाहेरून आले. पण मांस कुटून त्याला आकार देण्याची कला येथे अगोदरच ठाऊक होती.

मग नाव कोणत्या वाटेने आले? लासूरहून फार दूर न जाताही ती वाट दिसते. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीस हलविली आणि तिचे नाव दौलताबाद झाले. औरंगाबादेचा नान-कलिया त्या लष्कराच्या भटारखान्यातून आला, असे लोकपरंपरा सांगते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्यात मांडूचा सुलतान गियासशाह याच्या दरबारी 'निअमतनामा' हा फारसी पाकग्रंथ तयार झाला. त्यात कोफ्ते आहेत. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसविली आणि पुढे तिचेच औरंगाबाद झाले. मोगल सुभेदार आले, आसफजाही आली. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादेस गेली, तरी स्वयंपाकघरे मागे राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–हैदराबाद लोहमार्ग झाला आणि लासूर गावापासून वेगळे 'लासूर स्टेशन' वाढू लागले. या मार्गावर माणसांबरोबर पदार्थांनीही प्रवास केला असेल, हे समजण्यास फार कल्पना लागत नाही.

आता पावाकडे वळू. तो सुद्धा नवा नाही. एपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकग्रंथात कुटलेल्या मांसात द्राक्षारसात भिजविलेला पाव मिसळण्याची कृती आहे. पाव दोन कामे करतो. तो मांसाचा रस धरून ठेवतो, त्यामुळे गोळा मऊ राहतो; आणि थोडे मांस अनेकांना पुरवितो. आपल्याकडे तेच काम हरभऱ्याची डाळ वा फुटाण्याचे पीठ करते. पावशेर खिम्यात दहा पाने उठवायची असतील तर गृहिणीने दुसरे काय करावे? मराठवाड्यातील ज्या घरांनी १९७२ चा दुष्काळ सोसला, त्या घरांत खिम्यात पीठ घालणे हा चवीचा प्रश्न नव्हताच. सर्वांना वाटा मिळावा, हा त्यामागचा न्याय होता.

वाटून घेण्याची हीच कहाणी ग्रीकांचीही आहे. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मर्ना शहर जळाले. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे झालेल्या कराराने ग्रीस व तुर्कस्तान यांनी धर्माच्या निकषावर लोकसंख्येची अदलाबदल ठरविली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. निर्वासितांनी घरे सोडली, पण हाताची चव सोडली नाही. जिरे-लसूण घातलेले, टोमॅटोच्या रश्शात शिजलेले लांबट गोळे त्यांच्याबरोबर आले. त्यांना 'सुत्सुकाकिया' म्हणतात आणि आजही त्यांना स्मर्नाचेच म्हणून ओळखतात. नाव तुर्की, मसाला पूर्वेचा, करणारे हात ख्रिस्ती! पदार्थाला जात विचारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

एवढा प्रवास झाल्यावर माउलीच्या प्रश्नाचे उत्तर हाती आले. पाव वा पीठ हे गोळा पुरविण्यासाठी आणि मऊ ठेवण्यासाठी आहे; तो धरून ठेवण्यासाठी ते अपरिहार्य नाही. धरून ठेवणारी शक्ती मांसातच आहे. मीठ लावून खिमा चांगला मळला म्हणजे त्यातील प्रथिने सुटतात आणि चिकटपणा येतो. बगदादचा नि कल्याणीचा आचारी मांस कुटत असे, ते उगाच नव्हे.

आमच्या धर्मग्रामातील दोन गृहिणींच्या साह्याने आम्ही ही कृती जमविली. अर्धा किलो बारीक खिमा घ्यावा. पाणी असल्यास निथळावे. त्यात एक चमचा मीठ घालून पाच मिनिटे, हाताला चिकटेपर्यंत मळावा. एक मध्यम कांदा किसून, पिळून, त्याचे पाणी टाकून द्यावे. गोळे फुटतात ते बहुधा या पाण्यामुळे. मग चार पाकळ्या लसूण, मूठभर चिरलेला पुदिना, थोडी कोथिंबीर, मिरपूड, अर्धा चमचा जिरेपूड व एक अंडे घालावे. ग्रीक लोक ओरेगानो घालतात. आपण चिमूटभर ओवा चुरडावा, त्याचा गंध त्याच कुळातला आहे. पावाऐवजी भाजलेल्या जवसाची दोन चमचे पूड घालावी. जवसात तंतू भरपूर, पिष्ट नाममात्र. ते ओल धरते. मिश्रण अर्धा तास थंड जागी ठेवून लिंबाएवढे गोळे वळावेत. ग्रीक रीतीने ते पिठात घोळवितात, ते टाळावे. थोड्या तेलावर मंद आचेने सर्व बाजूंनी, आत गुलाबी राहणार नाही असे परतावेत. सोबत ग्रीकांची 'त्झात्झीकी' असते. घट्ट चक्का, किसून पिळलेली काकडी, लसूण आणि मीठ. आपल्या कोशिंबिरीची ही सख्खी बहीण, फक्त साखर घालू नये.

येथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पावाच्या एका कापात बारा ते पंधरा ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. ते वगळल्याने साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, पण रोग बरा होत नाही. जे गोळ्या वा इन्सुलिन घेतात त्यांनी भाकरी-भात एकाएकी तोडल्यास साखर घातक रीतीने उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मांसाचे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सणानंतर आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. गोळे फुटले नव्हते. आम्ही विचारले, "तुमच्यासाठी वेगळे केले का?" माउलीचे यजमान उत्तरले, "नाही फादर, सगळ्यांना तेच केले. जरा कमी आले वाट्याला, एकेकाला दोनच. पण ही आमच्यासोबत बसली."

पूर्वी सर्वांना पुरावे म्हणून खिम्यात पाव घातला गेला. त्या घरी एकीला पंगतीत बसता यावे म्हणून तो काढला गेला आणि प्रत्येकाने आपला एक गोळा सोडला. दोन्ही वेळी हिशोब वाट्याचाच होता.