बाप काय करतो?

शाळेत नाव घातले त्या दिवशी गुरुजींनी विचारले, ‘‘बाप काय करतो?’’ मी खाली मान घालून म्हणालो, ‘‘पिंजारी.’’ मागून कुणीतरी धनुकलीचा आवाज काढला आणि सगळी पोरे हसली. पुढे कितीतरी दिवस उत्तर येत असूनही मी हात वर केला नाही. घरी अभ्यास घेणारे कोणी नव्हते, हे खरे. पण माझा हात खाली राहिला तो त्या हसण्यामुळे.

मूल घरातून काय घेऊन येते आणि शाळा त्याचे काय करते, हा प्रश्न साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी कर्मवीर भाऊराव पाटलांनी हाती घेतला होता. ते स्वतः इंग्रजी सहावीपुढे गेले नव्हते. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून त्यांना राहते बोर्डिंग सोडावे लागले. जन्माने मिळालेली पायरी मुलाला कशी आत किंवा बाहेर ठेवते, हे त्यांनी असे पाहिले होते.

१९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नाव मिळाले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. ज्या मुलाच्या घरी दिवा नव्हता, त्याला दिवा मिळाला, जेवण मिळाले, बरोबरीचे सोबती मिळाले.

पण मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत मुले शेतात राबत, माती खणत, बांधकामाला हात लावत. म्हणजे कुणब्याच्या पोराने बापाकडून जे उचलले होते, तीच त्याची फी झाली. ज्या कामाची वर्गात लाज वाटावी, त्याच कामावर तो ताठ मानेने शिकू लागला. १९४० चे महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ चे छत्रपती शिवाजी कॉलेज याच वाटेने उभे राहिले.

कष्टाचे गोडवे मला गायचे नाहीत. राबून आलेल्या पोराच्या डोळ्यांवर पुस्तक उघडताच झोप येते. त्याला शिष्यवृत्ती हवी, पुस्तके हवीत, समजून घेणारा शिक्षक हवा. पण ‘घरचे वातावरणच नाही’ असे म्हणून आपण हात झटकतो, तेव्हा ते घर रिकामे होते असे आपण गृहीत धरतो. माझ्या अब्बांना अक्षर येत नव्हते. पण मूठभर कापूस हातात घेऊन, गादीला किती लागेल ते त्यांना अचूक सांगता येई. तो हिशेब मी त्यांच्याकडूनच शिकलो. शाळेत मात्र तो मला कुणी विचारलाच नाही.

‘बाप काय करतो?’ हे विचारायला हरकत नाही. त्याच्या पाठोपाठ एवढे विचारावे, ‘‘आणि त्याच्याकडून तू काय शिकलास, बाळ?’’