मीटर गेज आणि आमचा सर्व्हर



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायला जीव होत नव्हता.

हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेल्या आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी मी टेपवर घेतल्या होत्या, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच. पुढे त्या आमच्या घरगुती साइटवर चढवल्या. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी त्या सर्व्हरमध्ये शिरलं आणि आठवणींच्या जागी जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत कधीच संपलेली होती, दोन वर्षं अपडेट नव्हतं. दोष आमचाच. अकरापैकी चार टेपांची दुसरी प्रत नव्हती. आणि ती माणसंही आता राहिली नाहीत.

पुण्याहून भाचा म्हणाला, "मामा, नवा सर्व्हर घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती ते तुम्ही ठरवा."

"अरे, मला त्यातलं काय कळतं?"

"मामा, तुम्ही इतिहास शिकवलात ना? मग इतिहासच बघा!"

टोमणा होता, पण मनाला लागला. वही घेऊन बसलो.

पहिली नोंद आपल्याच महाराष्ट्रातली. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्यामुळे ठप्प झालं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला होता. विंडोजमधल्या ज्या भोकाचा त्याने फायदा घेतला, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. पण एका संगणकातून चोरलेल्या पासवर्डांवर तो अपडेट केलेल्या संगणकांतही शिरत होता. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. सगळं जाळं चालवणारी जी मूळ नोंदवही, तिची एकच प्रत वाचली. ती घानामध्ये होती, आणि वाचली का? तर तिथे वीज गेली होती म्हणून! परभणी जिल्ह्यातल्या माणसाला भारनियमनाचं एवढं कौतुक पहिल्यांदाच वाटलं असेल. म्हणजे सिस्टीम कोणतीही असो, एक प्रत जाळ्याबाहेर हवीच.

दुसरी नोंद सेंटओएसची. ही फुकट मिळणारी लिनक्स असंख्य सर्व्हरवर होती. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळू, असं सांगितलेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या अखेरीस ती बंद. लोकांची धावपळ उडाली. आमच्या पेडगाव स्टेशनवरून निजामाच्या काळापासून नव्वदेक वर्षं मीटर गेजची गाडी धावली. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आली, तीही मनमाडकडून टप्प्याटप्प्याने. बदल वाईट नसतो हो, पण रूळ उखडायच्या आधी प्रवाशाला वेळ द्यावा लागतो.

तिसरी नोंद मार्च २०२४ ची. एक्सझेड नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट ठेवली. हा माणूस दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे काम करून विश्वास मिळवत होता. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, त्याने खणून काढलं, म्हणून जग वाचलं. डेबियन लिनक्सच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत ती चोरवाट पोचली होती, 'स्टेबल' आवृत्तीत मात्र नव्हती. कारण तिथे नवं सॉफ्टवेअर लगेच घेतच नाहीत. आधी मुरू देतात, लोणच्यासारखं.

डेबियन १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केली. तिला मालक कंपनी नाही, स्वयंसेवक चालवतात. सी-डॅकची आपली 'बॉस' लिनक्सही तिच्यावरच उभी आहे. तिच्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. २००६ मध्ये एका बदलामुळे तिच्या गुप्त किल्ल्या ओळखता येतील अशा झाल्या, आणि ते लक्षात यायला मे २००८ उजाडला. पण चूक लपवली नाही, उघडपणे सांगून दुरुस्त केली. वर्गात मी याच पोरांवर जास्त विश्वास ठेवायचो.

तर मंडळी, डेबियन स्टेबल ठरली. भाच्याने नको असलेल्या सेवा काढून टाकल्या, सुरक्षेचे अपडेट आपोआप येतील असं केलं आणि पासवर्डाऐवजी किल्लीने लॉगिन ठेवलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवतो, तिची वायर काढतो आणि ती कपाटात ठेवतो. घानाचा धडा!

सात टेपा परत चढवल्या आहेत. त्या चारांपैकी एखादीची कॅसेट कुणा नातेवाइकाच्या माळ्यावर असेल, तर कृपा करून बघा. मी त्या काळी प्रती वाटल्या होत्या, कुणाला ते मात्र आता आठवत नाही.

असो. कळवा.