नाण्यावरची तागडी

पावसाळ्याआधी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील शाळा सुटताना भेटले. खालापूरकडच्या त्यांच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं आणि मातीत एक तांब्याचं जाडसर नाणं निघालं होतं. रुमालात बांधून आणलं होतं. म्हणाले, "सर, तुमच्यातलं दिसतंय. बघा बरं वाचता येतंय का."

'तुमच्यातलं' म्हणजे उर्दूतलं की मुसलमानांचं, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात.

नाण्यावर तागडी होती आणि दोन पारड्यांच्या मधे तीन अक्षरं: ऐन, दाल, लाम. अदल, म्हणजे न्याय. आदिल, अदालत हे शब्द याच मुळाचे. खाली १२१९ हे हिजरी साल. हिजरीचं इसवी करायचा ढोबळ हिशेब सोपा आहे. सालातून शेकडा तीन वजा करा आणि ६२२ मिळवा. १२१९ मधून ३७ गेले, राहिले ११८२. त्यात ६२२ मिळवले की १८०४. एक लक्षात ठेवा, फारसी मजकूर उजवीकडून वाचायचा, पण आकडे डावीकडून. माझ्या वर्गातली मुलं इथे हमखास अडतात.

मग नाणं उलटलं. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, त्याला धरून उभे दोन सिंह, आणि चक्क इंग्रजीत १८०४. हा कंपनीचा पैसा. मुंबई इलाख्यासाठी तो इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडला गेला आणि जहाजानं इकडे आला. तेव्हा हा मुलूख पेशव्यांकडे होता, कंपनीकडे आला तो १८१८ मध्ये. पण नाणी सरहद्द बघत नाहीत. बोरघाट चढणाऱ्या बैलांबरोबर ती कधीही आली असतील.

विद्यार्थ्याचे वडील जरा हिरमुसले. "मग इंग्रजाचं म्हणायचं की मोगलांचं?"

प्रश्न रास्त होता. मुंबई बेट कंपनीला मिळालं १६६८ मध्ये. १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं तिथे नाणी पाडायची परवानगी दिली. पण इंग्रजी राजाच्या नावाचा रुपया बेटाबाहेर घेणार कोण? सराफ, सावकार, शेतसारा वसूल करणारे अंमलदार, सगळे बादशहाच्या नावाचा सिक्का बघायचे. १७१७ मध्ये फर्रुखसियरच्या फर्मानानं कंपनीला मोगली धाटणीचा रुपया मुंबईत पाडता आला. त्यावर टांकसाळीचं नाव 'मुंबई' फारसीत. पुढे तर कंपनीनं मुंबईतच 'सुरत' नावाचा रुपया पाडला, त्यावर शाह आलम बादशहाचं नाव आणि राज्यवर्ष ४६. हे ४६ गोठवलेलं होतं. दिल्ली इंग्रजांनी १८०३ मध्ये घेतली, शाह आलम त्यांचा पेन्शनर झाला, १८०६ मध्ये वारला. रुपयावर मात्र त्याची कारकीर्द चालूच! १८३५ मध्ये चौथ्या विल्यमचा मुखडा आला तेव्हा कुठे बादशहा सुटला. त्या रुपयावरसुद्धा इंग्रजीबरोबर फारसीत 'यक रुपया' राहिलंच.

म्हणून फारसी अक्षरं दिसली की लगेच 'मुसलमानी नाणं' म्हणू नये. ती त्या काळची कारभाराची लिपी होती, आणि पेशव्यांच्या टांकसाळींतूनही शाह आलमच्या नावाचे रुपये निघत.

याच्या उलटही घडलंय. आपल्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळा आठवा. पुतळीचं मूळ व्हेनिसचा डुकाट. १२८४ पासून १७९७ मध्ये नेपोलियननं ते राज्य बुडवेपर्यंत तो पडत होता, साडेतीन ग्रॅम जवळजवळ शुद्ध सोनं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांनी वेढलेला येशू. आपल्या बायकांनी त्यात दोन पुतळ्या बघितल्या आणि गळ्यात घातल्या. इथल्या सोनारांनी नकलाही काढल्या. त्यावरची लॅटिन अक्षरं इतकी बिघडली की नुसत्या रेघोट्या उरल्या. अस्सल-नक्कल ओळखायची ती त्या अक्षरांवरूनच.

आणखी एक प्रकार माझ्याकडे वरचेवर येतो. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ आणि 'हाफ आना', दुसऱ्या बाजूला राम-सीता किंवा हनुमान. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलेलं नाही. हे नंतर बनवलेले टोकन आहेत, पण मोबाईलवर त्यांचे लाखो रुपये सांगतात आणि मग 'आधी फी भरा' म्हणून माणसाला गंडवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंही अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं.

नाणं सापडलं तर पहिली गोष्ट, चिंच-राख लावून घासू नका. वरचा थर गेला की अक्षरं गेली. दुसरी गोष्ट कायद्याची. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. कुणी जुना मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. कळवलं नाही तर शिक्षा आहे. हल्ली फार्महाऊसवाले धातूशोधक यंत्र घेऊन फिरताना दिसतात. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यांपाशी उकरणं हा सरळ गुन्हा आहे.

विद्यार्थ्याच्या वडिलांनी नाणं परत रुमालात बांधलं. अर्ज मी लिहून द्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पोरगा वहीत तागडी काढून घेऊन आला. ऐन उलटा काढला होता, तेवढा दुरुस्त करून दिला.