आपली चूक आपल्या तोंडानं



मागच्या वर्षी एका गटाच्या हिशोबात माझ्या हातून चूक झाली. एका ताईंनी भरलेला पाचशे रुपयांचा हप्ता मी दुसरीच्याच नावावर मांडला. पुढच्या बैठकीत सगळ्या जणी त्या ताईंना थकबाकीदार म्हणू लागल्या. चूक कुठं झाली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी गप्प बसले. एवढी बीए झालेली समन्वयक, मलाच चुकीचं कसं लिहिता आलं म्हणतील, याची लाज वाटली.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंबद्दल वाचत होते. त्यातला एक प्रसंग आज तुम्हाला सांगायचा आहे.

आपण लातूरहून रेल्वेनं पुण्याला निघालो की दौंड गेल्यावर केडगाव लागतं. तिथं रमाबाईंचं मुक्ती सदन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले. लग्नानंतर दोन वर्षांतच, १८८२ साली, नवरा वारला. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली उचलून आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला.

त्या काळी विधवेला काय म्हणत, ते आपल्या आज्यांना विचारा. पांढऱ्या पायाची. नवऱ्याला खाल्लेली. मागच्या जन्माचं पाप म्हणून हिचा नवरा मेला, असं लोक उघड बोलत. रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात हे सगळं मांडलं आहे. म्हणजे मुक्ती सदनात आलेल्या कितीतरी जणी न केलेल्या पापाचं ओझं डोक्यावर घेऊनच आल्या होत्या.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज सकाळी प्रार्थनेची बैठक सुरू केली. आधी सत्तरेक जणी येत. जूनपर्यंत साडेपाचशे येऊ लागल्या. जूनच्या अखेरीस एके दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात बायबल समजावून सांगत होत्या. तेवढ्यात मुली रडू लागल्या आणि आपापली पापं मोठ्यानं बोलून देवाजवळ क्षमा मागू लागल्या. हे पुढे कितीतरी दिवस चाललं. तो कल्लोळ काही मिशनऱ्यांनाही रुचला नाही. रमाबाईंनी मात्र मुलींची बाजू घेतली.

त्या दिवशी वाचन होतं योहानाच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायाचं. त्यात एक गोष्ट आहे. व्यभिचारात सापडली म्हणून एका बाईला लोक येशूपुढं ओढून आणतात. नियमाप्रमाणं हिला दगडांनी ठेचायचं, तुमचं काय म्हणणं, असं विचारतात. येशू सांगतो, ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा. एकेक जण काढता पाय घेतो, म्हातारे आधी. मग येशू तिला म्हणतो की मीही तुला शिक्षा देत नाही, जा, आता पाप करू नकोस.

मला वाटतं, इथंच सगळं आहे. दुसऱ्यांनी लादलेला दोष वेगळा आणि आपण केलेली चूक वेगळी. लादलेला दोष माणसाला वाकवतो. आपली चूक आपण कबूल केली तर पाठ ताठ होते. पण कबुली कुठं येते? जिथं हातात दगड घेऊन कुणी उभं नसतं तिथं.

मात्र ख्रिस्ती शिकवणीत नुसतं रडून भागत नाही. कॅथलिक मंडळी धर्मगुरूजवळ पाप सांगतात आणि सांगितलेलं प्रायश्चित्त करतात. प्रॉटेस्टंट मंडळी थेट देवाजवळ कबुली देतात. पण ज्याचं नुकसान केलं त्याच्याशी समेट करायचा, हे दोघांनाही चुकत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट बघा. येशूला बघायला तो उंबरावर चढला होता. येशू त्याच्या घरी आला, तेव्हा तो म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो.

आणि माफी मिळाली तरी परिणाम टळतोच असं नाही. दावीद राजानं उरीया नावाच्या शिपायाची बायको घेतली आणि त्याला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सांगितलं, तेव्हा राजानं पाप कबूल केलं. देवानं त्याचा जीव राखला, पण त्याच्या घरात पुढे दुःखच दुःख आलं.

तिसऱ्या बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं, चूक माझी आहे. ताईंची माफी मागितली, दोघींची नोंद दुरुस्त केली आणि इतिवृत्तात तसं लिहून घेतलं. कुणी मला बोललं नाही. पण त्या ताई दोन महिने माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. बिनकामाचा बट्टा त्यांनी सोसला होता, तेव्हा तो राग मला सोसायलाच हवा होता. आता दर महिन्याला दुसरी एखादी सदस्य माझं रोख पुस्तक तपासते. आधी ते जड गेलं. आता बरं वाटतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशोब जुळला नाही तर आधी नाव घेऊ नका. वही उघडा. आणि चूक आपली निघाली तर दुसरीच्या पदरात पडायच्या आत बोला.