एका खानदानी क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी भाषेत क्रियापदं हजारोंनी असतील. माझा संसार त्यांतल्या एकावर चालला आहे. कवी 'लव्ह'वर जगतात, वकील 'ऑब्जेक्ट'वर जगतात, आम्ही बँकेतले कारकून 'कॅन्सल'वर जगतो. सकाळी दहाला शाईच्या गादीवर शिक्का आपटायचा, तो संध्याकाळपर्यंत आपटत राहायचं.

मराठी माणसाला हे क्रियापद परकं वाटतच नाही. आमची आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पण "दूधवाल्याला उद्याचं दूध कॅन्सल सांग रे" हे ती अशा सहजतेने म्हणते, की शब्द तिच्या माहेरचाच असावा. आपला 'रद्द' आपण सरकारला देऊन टाकला आहे. परवाना रद्द होतो, आदेश रद्द होतो. सहल, सिनेमा आणि माझा पहाटे फिरायला जायचा बेत मात्र कॅन्सल होतो. आणि 'रद्द' तरी आपला कुठे? तो मूळचा अरबी. फारसीच्या पालखीत बसून आपल्याकडे आला आणि येताना 'रद्दी'लाही घेऊन आला.

या शब्दाच्या वाटेला मी कधी गेलो नसतो. पण मध्यंतरी एक निवृत्त मास्तर काउंटरवर आले. मुलीला नोकरी लागली होती आणि पगारासाठी कचेरीने 'कॅन्सल्ड चेक' मागितला होता.

"अहो, कॅन्सलच करायचा, तर चांगला कोरा चेक कशाला वाया घालवायचा?" मास्तर म्हणाले.

"त्यांना पैसे नकोत, मास्तर. नाव, खाते नंबर आणि आयएफएससी कोड तेवढा बघायचाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन तिरक्या रेघा मारा, मध्ये 'कॅन्सल्ड' लिहा. सही करू नका."

मास्तरांनी पट्टी मागून घेतली आणि रेघा आखल्या. मग विचारलं, "एल एक की दोन?"

"इंग्लंडात दोन, अमेरिकेत एक. आपण दोन लिहितो."

"बरं. पण या रेघा तिरक्याच का?"

वीस वर्षं मी लोकांना तिरक्या रेघा मारायला लावतोय. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मागे रांगेत अकरा माणसं उभी होती, म्हणून "तसा नियमच आहे" असं म्हणून मी वेळ मारून नेली. ज्ञान संपलं की आमच्या बँकेत नियम सुरू होतो.

घरी येऊन जाडा शब्दकोश काढला, आणि काय सांगू, आपला हा रोज शाईत बरबटणारा शब्द भलताच खानदानी निघाला!

लॅटिन भाषेत 'कॅन्सेली' म्हणजे जाळी. खिडकीला असते तशी, आडव्या-तिरक्या पट्ट्यांची. त्या काळी कातड्यावर लिहिलेला दस्तऐवज बाद करायचा झाला, की लेखनिक मजकुरावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढी. मजकुराला जणू जाळी बसवली जाई. म्हणून 'कॅन्सल' म्हणजे मुळात 'जाळी घालणे'. फ्रेंचांच्या हातून हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला. मास्तरांनी पट्टीने आखल्या, त्या या रोमन जाळीच्या उरलेल्या दोन काड्या.

गंमत पुढेच आहे. रोमन न्यायालयातही अशीच जाळी असे आणि तिच्यापाशी एक कारकून उभा असे. त्याचं नाव 'कॅन्सेलारियस', म्हणजे जाळीवाला. या जाळीवाल्याला पुढे ज्या बढत्या मिळाल्या, त्या ऐकून आमची युनियन संपावर जाईल. तो लेखनिक झाला, चिटणीस झाला, राजाची मोहोर सांभाळू लागला आणि शेवटी 'चॅन्सेलर' झाला. इंग्लंडचा अर्थमंत्री चॅन्सेलर, जर्मनीचा सरकारप्रमुख चॅन्सेलर. ज्या विद्यापीठाने मला बी. कॉम. करण्याचं धाडस केलं, त्याचे कुलपती म्हणजे राज्यपाल, तेही चॅन्सेलरच. आमचे कॅशियर मात्र इतकी वर्षं जाळीमागे बसून कॅशियरच राहिले. मी त्यांना ही कुळकथा ऐकवली. त्या दिवसापासून ते सुटे पैसे द्यायला आणखीच खळखळ करतात.

पोस्टाचीही एक हकिकत आहे. इंग्लंडात 1840 साली जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट निघालं. काळं, एक पेनीचं. ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावर लाल शाईचा शिक्का मारत. तर लोक लाल शाई पुसून तेच तिकीट पुन्हा लावू लागले! अखेर 1841 साली पोस्टाने हार खाल्ली आणि तिकीट तांबडं करून शिक्का काळा केला. ही कला आमच्या चाळीत जन्मली, असा तोपर्यंत माझा समज होता.

कॉमर्सला असताना 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तोही पुन्हा उघडला. कलम 82 सांगतं, की हुंडी बाळगणाऱ्याने स्वीकारणाऱ्याचं नाव त्याला मोकळं करण्याच्या हेतूने खोडलं, तर तो देण्यातून सुटतो. हेतू महत्त्वाचा. दुसऱ्याच वर्षी झालेल्या इंग्लंडच्या कायद्याने तर स्पष्टच म्हटलं, की चुकून किंवा नकळत केलेलं कॅन्सल हे कॅन्सलच नव्हे.

हे सगळं ज्ञान मी रात्री जेवताना पाजळलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "भात गार होतोय." आई काहीच बोलली नाही. उठली आणि चिरंजीवांच्या मुंजीच्या आमंत्रणांची वही घेऊन आली. दुसरं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

तिथे माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. त्यावर माझ्या हाताच्या दोन तिरक्या रेघा. गावच्या घराची कौलं बदलण्याच्या खर्चावरून आमचं वाजलं होतं. चार वर्षं झाली.

"हे काय आहे? जाळी?" आईने विचारलं.

"कॅन्सल केलंय ते."

"वाचता येतंय की रे!"

मी गप्प. बँकेत लागलो तेव्हा लेजरं होती. साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, चुकलेला आकडा खरवडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली सही करायची. खोडलेलं पुढच्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

"त्या तुझ्या कलमात हेतू काय म्हणालास?"

"समोरच्याला मोकळं करण्याचा."

"मग या रेघांनी कोण मोकळं झालं? तो की तू?"

कलम 82 मध्ये याचं उत्तर नाही. मी पेन घेतलं, नावाच्या वर पुन्हा नाव लिहिलं, बाजूला सही केली आणि फोन लावला.

"दादा?" पलीकडून आवाज आला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सोळा तारखेला मुंज आहे. सगळे या."

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "चौदाची तिकिटं काढलीत रे. आईने महिन्यापूर्वीच कळवलं होतं. तुझा फोन नसता आला, तर उद्या कॅन्सल करणार होतो."

मी आईकडे पाहिलं. ती शांतपणे ताक वाढत होती. रेल्वेचा कॅन्सलेशनचा आकार तेवढा वाचला.