ईसीएचएस कार्डाची कुळकथा

पलटणीतून पेन्शनवर गावी आलेल्या मालवणच्या जवानाला मोठं दुखणं आलं, की पूर्वी आंबोलीचा घाट चढून बेळगावचं मिलिटरी हॉस्पिटल गाठावं लागे. मराठा रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून बेळगावात, त्यामुळे ते ओळखीचं. नौदलातून निवृत्त झालेले मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयाकडे धाव घेत. पण सेवेतल्या सैनिकांची सोय लागून खाट उरली, तरच माजी सैनिक दाखल होई.

केंद्र सरकारच्या मुलकी कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना 1954 पासून होती. त्याच धर्तीवर माजी सैनिकांच्या योजनेला मंजुरी मिळाली ती 30 डिसेंबर 2002 रोजी, आणि 1 एप्रिल 2003 पासून ईसीएचएस (एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम) सुरू झाली. हुद्द्याप्रमाणे एकदाच वर्गणी भरायची. मग स्वतःला, पत्नीला, अवलंबून असलेल्या मुलांना आणि आईवडिलांना उपचार. आधी पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, तिथून रेफरल घेऊन योजनेतल्या खासगी रुग्णालयात. 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ केली. सुरुवातीला 227 पॉलिक्लिनिक मंजूर होती. 2010 मध्ये ती संख्या 426 वर नेली. छावणी नसलेल्या जिल्ह्यांतल्या माजी सैनिकांचा विचार त्यात होता.

सेवा संपली आणि योजनेचं कार्ड अजून आलं नाही, या मधल्या दिवसांसाठी ‘टेम्पररी स्लिप’ निघाली. अर्ज केल्यावर मिळणाऱ्या त्या कागदावर उपचार चालू राहतात.

ही सगळी इमारत मात्र पेन्शनच्या पायावर उभी आहे. पेन्शन नसलेले शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी 2019 पर्यंत बाहेरच राहिले. 2022 च्या अग्निपथ योजनेच्या अटींनुसार चार वर्षांनी घरी परतणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून भरू लागतात.

अशा मधल्या काळासाठी अमेरिकेत सैन्य सोडणाऱ्या पात्र सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला 180 दिवस हप्त्याशिवाय वैद्यकीय संरक्षण मिळतं. सैनिकांची परंपरा सांगणाऱ्या सिंधुदुर्गातूनच मागणी उठायला हवी: आपल्या अग्निवीरालाही दुसरी नोकरी लागेपर्यंत असं संरक्षण द्या. आमदार-खासदारांनी आणि माजी सैनिक संघटनांनी ती आत्ताच लावून धरावी.